काळं उतरवण्याचा दिवस

"पाव?" फेलिस्मिनाने विचारलं.

"पाव," इदालिना म्हणाली आणि हात पुढे केला.

मायलेकींचं सकाळचं बोलणं एवढ्यावरच संपलं. लेक लिस्बनहून आल्यापासून हेच चाललं होतं. फेलिस्मिनाला पोर्तुगीज भाषेतले जेमतेम चार शब्द येत होते आणि चारही घरातल्या वस्तूंचे: पाव, चावी, मेज, साबण. पोर्तुगीज साडेचारशे वर्षं आमच्या डोंगरात राहिले आणि जाताना तिच्या स्वयंपाकघरात एवढंच विसरून गेले. पहिल्या दिवशी तिने लेकीला पाव दिला, मग आंघोळीला साबण दिला, काल संध्याकाळी आतल्या खोलीची चावीही हातात ठेवली. आता द्यायला मेज तेवढं उरलं होतं.

"तेही देऊन टाका, आई," सून बेन्विंदा चुलीपुढून म्हणाली. "म्हणजे शब्द संपतील. मग दोघी सुटलात."

"तू मका ढवळ. बुडाला लागतोय," फेलिस्मिना म्हणाली.

पण सुनेचं बोलणं तिला लागलं. घरात आज शंभर माणसं जेवणार होती. तिचा नवरा मास्तर अनिसेतो जाऊन वर्ष झालं होतं आणि आज दुपारी सगळ्यांच्या अंगावरचं काळं उतरायचं होतं. इतरांच्या बाहीवर काळी फीत होती. तिच्या अंगावर मात्र वर्षभर डोक्यापासून पायापर्यंत काळंच. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. लेक समोर बसून पाव चावते आहे आणि आपल्याला तिला 'भात आवडतो का गं तुला' एवढंही विचारता येत नाही, हे मात्र सोसवत नव्हतं.

पंच्याहत्तर साली इथून गेली तेव्हा इदालिना सहा वर्षांची होती. आपल्या डोंगरातली बोली चुरूचुरू बोलायची. आता पस्तिशीची बाई होऊन परत आली ती ओठ मिटून. तिकडे तिच्याशी ही बोली बोलायला कोणी नव्हतं आणि लहान मूल काय, जे कानावर पडत नाही ते विसरतं. हे फेलिस्मिनाला कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

ती आली त्या संध्याकाळी मात्र एक गंमत झाली. गंमतच म्हणायची. माळेची प्रार्थना सुरू झाली. फेलिस्मिनाकडून ती लहानपणी मिशनमधल्या नन्सनी पोर्तुगीजमध्ये घोकून घेतली होती, अर्थ न सांगता. तिने सुरू केलं आणि शेजारी बसलेल्या इदालिनाने पुढची ओळ उचलली. मग दोघींचा सूर असा लागला की एक अक्षर मागेपुढे झालं नाही. शेजारणींनी पदर डोळ्यांना लावले. देवाच्या आईशी दोघींना बोलता येत होतं. शेवटचं आमेन झालं, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि पुन्हा सगळं गप्प झालं.

मास्तर होता तोवर मधली वाट त्याची होती. नव्याण्णवला इंडोनेशियाचे सैनिक देश सोडून गेले, मिशनमध्ये फोन बसला, तेव्हापासून नाताळला आणि ईस्टरला दोघं नवराबायको तिथे चालत जायचे. मास्तर रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायचा, जोरजोरात बोलायचा, मग तिच्याकडे वळून सांगायचा, "मजेत आहे. तुला नमस्कार सांगते. यंदा रजा नाही म्हणते." ती म्हणायची, "तिला ये म्हणावं." तो पुन्हा रिसीव्हरमध्ये बोलायचा. फेलिस्मिनाला आतून बारीक आवाज ऐकू यायचा, लेकीचा. त्या आवाजासाठी ती दीड तास चालायची.

आता मधे सोळा वर्षांची नात ओदेत उभी होती. मास्तरने आयुष्याच्या शेवटी ओसरीवर बसवून तिला ती भाषा शिकवली होती. त्यामुळे दोन्ही बाजूंनी दिवसभर एकच हाक चालली होती.

"ओदेत! हिला विचार, मांस खाईल ना?"

"ओदेत! आई काय म्हणतेय?"

"ओदेत! बादली कुठे आहे?" हे बेन्विंदाचं. तिला भाषेशी देणंघेणं नव्हतं, तिला पाणी हवं होतं.

---

फेलिस्मिनाचा मुलगा जानुआरिओ परसात लाकडं फोडत होता. इदालिना त्याच्याकडे आली, मागे ओदेत. बहिणीचं पाऊल जपून पडत होतं, कॉफीच्या बिया वाळत घातल्या होत्या त्या चुकवत. ही आपली धाकटी बहीण, असं जानुआरिओ रोज सकाळी स्वतःला सांगत होता.

इदालिना काहीतरी बरंच बोलली. ओदेतने खाली बघत सांगितलं, "आत्या म्हणते, ओदेतला तिच्याबरोबर पाठवा. तिथे शाळा आहे, पुढे नर्सिंगचं कॉलेज आहे. खर्च तिचा नवरा आणि ती मिळून करतील. स्वतःच्या मुलीसारखी ठेवेल म्हणते."

"ओदेत म्हणजे कोण?" जानुआरिओने कुऱ्हाड खाली ठेवली. "तूच ना? मग 'मला पाठवा' म्हण की."

"दुभाष्याने 'मी' म्हणायचं नसतं, बाबा. आजोबांनी शिकवलंय. आपलं मधे काही घालायचं नाही."

"आजोबांनी!" तो हसला. हसण्यात काही गोड नव्हतं.

मास्तरने त्यालाही शिकवलं होतं, नऊ वर्षांचा होईपर्यंत. ओसरीवरच्या वर्गात घरची बोली तोंडातून निघाली की हातावर छडी. घराच्या पत्र्याच्या दारावर मास्तरने चुन्याने जगाचा नकाशा काढला होता आणि दर शनिवारी तेच पुराण लावायचा. ही भाषा राजवाड्यात जन्मली नाही, पोरांनो. रोमच्या शिपायांनी आपलं मोडकंतोडकं लॅटिन एका पावसाळी कोपऱ्यात नेऊन टाकलं, तिथल्या मेंढपाळांनी ते आणखी मोडलं, आणि बघता बघता त्यात गाणी रचायला लागले. मग ती दक्षिणेला सरकली, अरबांकडून शब्द उचलले, समुद्र लागला तरी थांबली नाही, जहाजावर चढली. मग छडीचं टोक दारावर फिरायचं. इकडे ब्राझील. इकडे केप वर्द, अंगोला, मोझांबिक. पुढे गोवा, वसई, मलाका, मकाव. आणि शेवटी आपण, कारण आपल्यापुढे तिला जायला जागाच उरली नव्हती. ज्याला ही भाषा येते त्याचं प्रत्येक बंदरात एक घर आहे, हे मास्तरचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं.

फेलिस्मिना कधी शाळेत गेली नाही, पण दारामागून हे सगळं तिने ऐकलं होतं. एकदा ती म्हणाली होती, "प्रत्येक बंदरातून काय काय नेलं, तेही लिहा की दारावर. इथनं चंदन नेलं. तिकडनं माणसं नेली." मास्तरने ऐकलं न ऐकलंसं केलं.

मग इंडोनेशियाचं राज्य आलं, आणि एका सैनिकाने पाण्याची बाटली दिली तेव्हा बारा वर्षांच्या जानुआरिओच्या तोंडून पोर्तुगीजमध्ये 'आभारी आहे' निघालं. सैनिकाने कानाखाली अशी दिली की तो कान अजून नीट ऐकत नाही. एकाच भाषेसाठी बापाकडून मार, ती बोलला म्हणून शिपायाकडून मार. पोराने तोंड मिटलं ते मिटलंच. मोठा होऊन तो कॉफीचा ट्रक चालवायला लागला. आता देश आपला झाला आणि कचेरीवरच्या पाट्या पुन्हा त्याच भाषेत आल्या. त्या वाचायला त्याला पोरीला विचारावं लागायचं.

म्हणून बहिणीकडे बघताना त्याच्या मनात माया होती तसाच जळफळाटही होता. मास्तरने दोघांतून एकाला निवडलं होतं आणि तो एक जानुआरिओ नव्हता.

"सांग तिला," तो म्हणाला, "माझी ना नाही. इथे काय ठेवलंय? पुढच्या वर्षी इथली शाळा संपते, मग कॉफी तोडायची आणि कुणाच्या तरी गळ्यात पडायचं."

"गळ्यात पडायचं?" बेन्विंदा बादली घेऊन दारात उभीच होती. "मी तुमच्या गळ्यात पडले तेव्हा कॉफीच तोडत होते ना? काय वाईट झालं? पोर म्हणजे काय कोंबडी आहे, टोपलीत घालून विमानात न्यायला?"

"तू मधे पडू नकोस."

"नऊ महिने पोटात मधेच होती ती, तुम्ही नव्हता."

ओदेत गोंधळली. "हे सांगू का आत्याला?"

"नको!" दोघं एकदम म्हणाले.

जानुआरिओने घाम पुसला. "हे बघ, शब्द आईचा. मामा आलाय. काळं उतरायच्या आधी तो विचारेलच, घरात काही राहिलंय का म्हणून. तेव्हा बोलायचं. आई हो म्हणाली तर जाशील, नाही म्हणाली तर मी आईच्या पुढे जाणार नाही. आणि आत्याला विचार, परत कधी जायचं आहे तिला?"

"मंगळवारी," ओदेत म्हणाली. तिने विचारलं नव्हतं. तिला ते पाठ होतं. आत्याचा दहा वर्षांचा मुलगा तिकडे शेजाऱ्यांकडे ठेवलेला होता, हॉस्पिटलमधली नोकरी होती, तिकीट मंगळवारचं होतं. मंगळवार हा शब्द दोन्ही भाषांत मनाशी घोळवून घोळवून ओदेतला रात्री झोप लागली नव्हती. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं, की मोठ्याने म्हटलं तर ते मोडेल अशी भीती वाटत होती.

---

दुपारी सगळे कबरीवर फुलं घालून परत आले. ओसरीवर चटई अंथरली होती. फेलिस्मिनाचा थोरला भाऊ माउ-लेतो मधोमध बसला, पुढ्यात पानसुपारीची टोपली. विधवेचं काळं तिच्या माहेरच्या माणसाने सोडायचं असतं. त्यासाठी तो पलीकडच्या डोंगरावरून रेडा घेऊन आला होता आणि तो रेडा आता मागे मोठ्या कढईत शिजत होता.

"बोला," माउ-लेतो म्हणाला. "काय असेल ते आत्ता बोला. मेलेला माणूस अजून घरात आहे, तोही ऐकेल. काळं सुटलं की तो गेला. मग त्याच्या मागे कुणी काही उकरून काढायचं नाही."

जानुआरिओने बहिणीकडे पाहिलं. इदालिना गुडघ्यावर पुढे सरकली आणि बोलली. ओदेत दोघींच्या मधे बसली होती. तिने जसंच्या तसं सांगितलं: शाळा, कॉलेज, मुलीसारखी ठेवीन, आईचा आशीर्वाद असेल तर.

फेलिस्मिनाने नातीकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "आधी तिला विचार, बाप होता तेव्हा का आली नाही? चार वर्षं रस्ता मोकळा होता. तो मेल्यावर विमानं सुरू झाली का?"

"आजी, असंच विचारू?"

"असंच."

ओदेतने विचारलं. इदालिनाचा चेहरा पडला. तिने एकेक शब्द सुटा करून उत्तर दिलं, जणू समोर लहान मूल आहे.

"आत्या म्हणते, तिने दर वेळी विचारलं होतं. येऊ का, असं. नाताळला, ईस्टरला, प्रत्येक फोनवर. तर..." ओदेत थांबली.

"तर काय?"

"तर आई म्हणते अजून येऊ नकोस, असं उत्तर यायचं."

"कोण आई?"

"तू, आजी."

फेलिस्मिनाने आधी भावाकडे, मग मुलाकडे पाहिलं, की आणखी कुणी ऐकलं का हे. "मी? मी येऊ नको म्हटलं? मी तिथे उभी असायचे! दर वेळी म्हणायचे, तिला ये म्हणावं. जानू, तू आला होतास एकदा. मी काय म्हटलं होतं?"

"ये म्हणावं, असंच म्हणाली होतीस," जानुआरिओ म्हणाला.

ओदेतने ते पलीकडे सांगितलं. इदालिनाने मान हलवली, पुन्हा पुन्हा. ती आता भरभर बोलत होती आणि ओदेत मागून धावत होती. "बाबा सांगायचे, आई म्हणते तिकडेच बरी आहेस. आई म्हणते, तुला बघून तिला त्रास होईल. आई म्हणते, पैसे वाया घालवू नकोस."

"आणि मला सांगायचा, तिला रजा नाही." फेलिस्मिनाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "शेवटी शेवटी म्हणाला, तिला आपली लाज वाटते गं, आता तो विषय काढू नकोस. मी काढला नाही. दोन नाताळ मी नुसता आवाज ऐकून आले."

माउ-लेतोने चघळायचं थांबवलं. स्वयंपाकघरातून बेन्विंदा हात पुसत येऊन दाराशी टेकली. आजवर या घरात मास्तरबद्दल कुणी वावगा शब्द काढला नव्हता.

"आत्या विचारते," ओदेत म्हणाली, आणि तिला वाटलं की इथे थांबावं, पण दोघी तिच्या तोंडाकडे बघत होत्या. "आत्या विचारते, मग पाठवलंस कशाला? बंदरावर आजोबांनी तिला सांगितलं होतं, रडू नकोस, आईनेच सांगितलंय तुला पाठवायला. लढाई लागली आहे, एक तोंड कमी होईल. तिला लहानपणचं दुसरं काही आठवत नाही. एवढंच आठवतं."

फेलिस्मिना उठून उभी राहिली. पुन्हा बसली.

"मी नदीवर होते," ती म्हणाली. "चादरी धुवायला. तिचा झगा पण होता त्यात, पिवळा. परत आले तर हिची चटई रिकामी. हा म्हणतो, दिली शहरात धर्ममातेकडे नेऊन सोडली, चार दिवसांत आणतो. मी तशीच निघाले. दोन दिवस चालले. बंदरावर गेले तर जहाज नव्हतं. लोक म्हणाले, डार्विनला गेलं. डार्विन म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, डार्विनला कुठल्या रस्त्याने जातात? लोक हसले." तिने नातीकडे बोट केलं. "सांग. सगळं सांग तिला. झग्याचं पण सांग."

ओदेतने सांगितलं. झग्यापाशी तिचा आवाज फुटला, पण सांगितलं.

"खरं आहे," जानुआरिओ म्हणाला. "आई परत आली तेव्हा तिचे पाय सुजले होते. महिनाभर ती कुणाशी बोलली नाही. दादाने सांगितलं म्हणून सांग तिला."

इदालिना ओक्साबोक्शी रडत होती. फेलिस्मिना रडत नव्हती. ती दारावरच्या नकाशाकडे बघत होती. चुना उडाला होता, पण बंदरं अजून ओळखू येत होती.

जानुआरिओलाही तिकडेच बघावंसं वाटत होतं. बाप दुष्ट नव्हता, हेच तर दुखणं होतं. दुष्ट असता तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. डार्विनवरून लिस्बनला निघालेल्या लोकांबरोबर एका पोरीसाठी जागा मिळाली आणि त्याच्या भाषेने त्याला इतकी भूल घातली होती की पोरीला तिच्यात पोचवणं हेच पुण्य वाटलं. त्यासाठी दोनदा लहानसं खोटं बोलला, एकदा घरात, एकदा बंदरावर. त्या दोघी कधी समोरासमोर बसल्या असत्या तर दोन्ही उघडी पडली असती, म्हणून त्यांना मरेपर्यंत समोर येऊ दिलं नाही. आपल्याला निवडलं नाही म्हणून जानुआरिओ आयुष्यभर कुढला होता. निवडलेली समोर बसली होती आणि तिच्याकडे बघवत नव्हतं.

"ओदेत कुठे जाणार नाही," तो एकदम म्हणाला.

बेन्विंदा दारातून म्हणाली, "आता कशाला तिच्यावर राग काढता? या बाईने काय केलंय? तिला पोर द्या नाहीतर नका देऊ, पण असं तोडून बोलू नका." सकाळी कोंबडीची टोपली काढणारी हीच बाई. तिने येऊन नणंदेच्या पाठीवर हात ठेवला.

"गप्प बसा सगळे," माउ-लेतो म्हणाला. "फेलिस्मिना, जे झालं ते झालं. शंभर माणसं उपाशी बसली आहेत. तुला माझ्यासमोर म्हणायला हवं, मेलेल्या माणसावर माझा राग नाही. त्याशिवाय मी काळ्याची गाठ सोडू शकत नाही. तो उंबऱ्यावर अडकून राहील."

"राहू दे."

"फेलिस्मिना!"

"राहू दे अडकून. मीही अडकले होते एकोणतीस वर्षं. राग आहे माझा. खोटं बोलायला मी काय मास्तर आहे?"

मागे कढईपाशी कुणीतरी हसत होतं, त्यांना इथलं काही माहीत नव्हतं. इदालिनाला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. ती गुडघ्यांवर पुढे आली, आईचा हात उचलला आणि आपल्या कपाळाला लावला, जसं आमच्याकडे लहान मुलं करतात. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बोली गेली होती तरी हे कुठेतरी राहिलं होतं.

फेलिस्मिनाने हात काढून घेतला नाही. ती बोलली तेव्हा तिचा आवाज सकाळी पाव विचारतानाचा होता.

"ओदेत, नीट ऐक आणि नीट सांग. माझी नात मी देणार नाही. एक गेली तेवढी पुरे. पण तिला म्हणावं, तूच राहा. चावी तुझ्याकडेच आहे. नवऱ्याला आणि पोरालाही बोलावून घे, घर मोठं आहे. तू राहतेस म्हण, मी याच क्षणी त्याच्यावरचा राग सोडते, माझ्या दादासमोर. काळं उतरवते. विचार तिला, राहशील का."

ओदेत आत्याकडे वळली.

आतापर्यंत तिने एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. आताही तिने पहिला शब्द बरोबर जुळवला होता. पण आत्या राहू शकत नाही हे तिला ठाऊक होतं. मुलगा शेजाऱ्यांकडे आहे. मंगळवारचं तिकीट आहे. आत्या 'नाही' म्हणेल, ते 'नाही' आपल्याला आजीला सांगावं लागेल, आजीचं काळं अंगावरच राहील, आणि आपण पुढच्या वर्षी कॉफी तोडत असू. तिघींपैकी कुणालाच काही मिळणार नाही. आत्या ओल्या डोळ्यांनी तिच्या तोंडाकडे बघत होती.

"आजी म्हणते," ओदेत म्हणाली, "ओदेतला घेऊन जा. म्हणते, राग गेला. तू आलीस हेच पुष्कळ झालं."

इदालिनाने तोंडावर हात घेतला. "खरंच? खरंच असं म्हणाली? विचार तिला पुन्हा."

ओदेत आजीकडे वळली. "आत्या म्हणते, हो. राहीन म्हणते."

---

जानुआरिओचा एक कान बरा होता आणि त्या भाषेतलं 'घेऊन जा' त्याला कळत होतं. शाळा सुटताना लिहायच्या पाट्या पोरांच्या हातात देत मास्तर रोज तेच म्हणायचा. बहीण 'राहीन' असं काही बोललेली नव्हती, तिने नुसतं काहीतरी विचारलं होतं, हेही त्याला कळलं.

त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात त्याने आईकडे पाहिलं.

फेलिस्मिनाने लेकीला कवेत घेतलं होतं आणि ती हसत होती. जानुआरिओने तिला असं हसताना पाहिलं होतं ते नऊ वर्षांचा असताना. लेक तिच्या खांद्यावर मान हलवून हो, हो म्हणत होती, आणि आई तिला त्याच भाषेतलं येईल ते देत होती. "चावी," ती म्हणत होती. "मेज." आणि दोघी हसत होत्या. आता एक शब्द बोललो तर हे सगळं इथेच, माणसांसमोर, कोसळेल. उद्या सांगू, असं जानुआरिओच्या मनात आलं. निदान आजचं जेवण होऊ दे. परवा सांगू. मंगळवारच्या आधी सांगू. आणि मग त्याला उमगलं की बापानेही पहिल्या दिवशी हेच म्हटलं असणार. त्याने तोंड मिटलं.

"माझा त्याच्यावर राग नाही," फेलिस्मिना मोठ्याने म्हणाली. "ऐकलंत ना सगळ्यांनी? जाऊ दे त्याला सुखाने."

माउ-लेतोने गाठ सोडली. काळं वस्त्र टोपलीत पडलं, बायकांनी तिच्या खांद्यावर लाल-पिवळं विणलेलं वस्त्र टाकलं, ढोल वाजू लागले, माणसं पानांवर बसायला धावली. बाह्यांवरच्या फिती भराभर सुटत होत्या. बेन्विंदाने नवऱ्याची फीत कापली आणि त्याचा चेहरा पाहून विचारलं, "काय झालं? तुम्हाला आनंद नाही का?"

"आहे की," तो म्हणाला.

फेलिस्मिना गर्दीतून वाट काढत आली. एका हाताने तिने लेकीचं मनगट धरलं होतं, दुसऱ्या हाताने नातीची हनुवटी उचलली.

"जानू, हिची खाट माझ्या खोलीत लाव. आजपासून माझ्याजवळ झोपेल. आणि ही बघ, ही पोर! तुझ्या बापाने अख्ख्या जन्मात मला एक गोष्ट सरळ सांगितली नाही, आणि हिने एका दुपारी सगळं जसंच्या तसं सांगितलं. देव हिची जीभ अशीच ठेवो."

इदालिना हसत वाकली. "आई काय म्हणतेय?"

ओदेतने बापाकडे पाहिलं. जानुआरिओने नजर वळवली.

"म्हणते," ओदेत म्हणाली, "पोरीला नीट सांभाळ."

जानुआरिओ खाट उचलायला आत गेला.